खर्जाला न मिळणारी जोड : एका तानपुरा-प्लगइनचा प्रकरण अभ्यास

माझी भाची ग्वाल्हेरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आठव्या वर्षापासून शहरातल्या लश्कर भागातल्या एका बुवांकडे गाणं शिकते. बुवांचा तानपुरा मिरजेचा, त्यांच्या वडिलांनी आणलेला. गेल्या पावसाळ्यात त्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी गुंजती झणक, गेली. जवारी काढणारा भरवशाचा कारागीर इकडे वर्षातून एकदाच फिरकतो, त्यामुळे तोवर शिकवणी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर चालू राहिली. भाची आपला रियाज लॅपटॉपवर आर्डर या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करते. मोबाइलचा तानपुरा खोलीत वाजतो, माइकमध्ये शिरतो, गळ्यात मिसळतो, आणि मग काही केल्या वेगळा काढता येत नाही. तिला तानपुरा आर्डरच्या आत, स्वतंत्र ट्रॅकवर हवा होता, म्हणजे प्लगइन म्हणून, मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. आणि काळी पाचच्या (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या) सा-ला पंचम, जोड (सा-च्या मधल्या दोन तारा), खर्ज (खालच्या सप्तकातल्या सा-ची तार) अशी एकेक तार हाताने मिळवता यायला हवी होती.

"मामा, प्लगइन मीच लिहिलं तर?"

सी भाषा तिला कॉलेजच्या दोन सत्रांपुरती येत होती. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण आवाजाचं काम मी कधी केलेलं नव्हतं. म्हणून मी शिकवायला बसलो नाही, शेजारी बसलो. पुढचे साडेचार महिने दर रविवारी आम्ही दोघांनी इतरांचा ओपन सोर्स कोड वाचला. प्लगइन लिहायला कुठला कोर्स करू, असं मला बरीच मुलं विचारतात. मी त्यांना सांगतो की दुसऱ्याने लिहिलेलं प्लगइन वाचा. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात आम्ही सुरुवातीलाच चुकलो, आणि ती चूक इतकी सर्रास होते की तिथूनच सांगायला हवं.

मोठ्या घरात शिरणं

भाचीने निवडलं सर्ज एक्सटी. हा एक नावाजलेला सिंथेसायझर आहे. आधी तो विकला जायचा, २०१८ मध्ये त्याचा कोड जीपीएल ३ परवान्याखाली (त्यातून घेतलेला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारा परवाना) खुला झाला आणि तेव्हापासून अनेक जण मिळून तो वाढवत आहेत. निवडीमागचा तिचा विचार सरळ होता. शिकायचं तर उत्तम माणसांकडून शिकावं.

तीन आठवडे गेले. तिच्या वहीत फाइलींची नावं, कोडातल्या वर्गांची (क्लासची) नावं आणि बाण साठले. एका रविवारी मी विचारलं, "आर्डर तुझ्या प्लगइनला हाक मारतं ती कुठल्या फंक्शनला?" तिला सांगता येईना. मीही शोधलं, मलाही पटकन सापडलं नाही. कारण ते दार त्या कोडात उघडं दिसतच नाही. सर्ज एक्सटी जूस नावाच्या चौकटीवर उभं आहे. एकाच कोडातून व्हीएसटी, एलव्ही-टू, ऑडिओ युनिट असे प्लगइनचे सगळे प्रकार निघावेत म्हणून होस्ट (प्लगइन चालवणारं आर्डरसारखं सॉफ्टवेअर) आणि प्लगइन यांच्यातला सगळा व्यवहार ही चौकट स्वतःकडे घेते. काम करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. पण शिकणाऱ्याला नेमकी जी जागा पाहायची असते, तीच तिथे झाकली जाते.

मोठा कोड वाचूच नये, असं मी म्हणणार नाही. पण पहिला कोड निवडताना तो किती चांगला आहे यापेक्षा तो आपल्या एका डोक्यात मावतो का, हे आधी पाहावं. आम्ही नंतर स्वतःला एक कसोटी लावून घेतली. कोड उतरवल्यापासून अर्ध्या तासात आपल्या मशीनवर बांधून, आवाज काढून दाखवता आला पाहिजे. न बांधलेला कोड वाचणं म्हणजे न ऐकलेल्या बंदिशीचं नोटेशन वाचणं.

शोधायचं कुठे

शोधण्याची जी रीत आमच्या उपयोगी पडली, ती फारशी कुणी सांगत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे, डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बेतलेली. उबंटू आणि डेबियनमधल्या प्रत्येक मुक्त पॅकेजबरोबर त्याचा मूळ कोडही ठेवलेला असतो आणि 'ॲप्ट सोर्स' ही एक आज्ञा दिली की तो तुमच्या फोल्डरात येतो. त्यात डेबियन नावाचं उपफोल्डर असतं आणि त्याच्यात कॉपीराइट नावाची फाइल. कुठली फाइल कुणी लिहिली आणि ती कुठल्या परवान्याखाली आहे, हे कुणीतरी बसून तिथे नोंदवलेलं असतं. परवान्याचा अभ्यास त्या एका पानापासून सुरू करता येतो.

दुसरं म्हणजे डेबियनची कोड-शोध सेवा. तिथे एखाद्या फंक्शनचं नाव टाकलं की डेबियनमधल्या हजारो पॅकेजांत ते कुठे कुठे आलंय ते दिसतं. एलव्ही-टू जातीचं प्लगइन साधारणपणे एक ठरलेलं फंक्शन बाहेर ठेवतं. होस्ट त्या नावाने आत शिरतो. त्याचं नाव 'एलव्ही-टू डिस्क्रिप्टर'. भाचीने तेच नाव टाकलं आणि समोर प्लगइनांची रांग उभी राहिली. "तानपुरा प्लगइन" असं शोधून जे मिळालं नव्हतं, ते दाराच्या नावाने शोधल्यावर मिळालं.

त्या रांगेत अगदी लहान असं एक होतं. एलव्ही-टूच्या स्वतःच्या संचात शिकण्यासाठी ठेवलेली काही उदाहरणं आहेत, त्यातलं पहिलं. त्याचं नाव ॲम्प. आवाज कमी-जास्त करणं एवढंच त्याचं काम. सीची एकच फाइल, आणि तिच्यातही कोडापेक्षा टिप्पण्या जास्त.

एका गुंडीचं प्लगइन

ॲम्पवर आम्ही दोन रविवार काढले. एवढ्याशा फाइलला इतका वेळ कशाला, असं वाटेल. पण प्लगइन म्हणजे काय ते सगळं तिच्यात आहे.

त्याला तीन पोर्ट आहेत. शून्य क्रमांकावर गेन, एकवर आत येणारा आवाज, दोनवर बाहेर जाणारा. होस्ट सुरुवातीला एकदा 'इन्स्टॅन्शिएट' म्हणतो, तेव्हा प्लगइनने आपली जागा मागून घ्यायची. मग 'कनेक्ट पोर्ट' म्हणत एकेक पोर्टचा पत्ता देतो. त्यानंतर 'रन', आणि हे अखंड चालतं. दर वेळी होस्ट नमुन्यांचा, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेल्या आवाजाच्या आकड्यांचा, एक तुकडा देतो आणि म्हणतो, एवढं करून दे. नमुनादर सेकंदाला ४४,१०० आणि तुकडा २५६ नमुन्यांचा असेल तर त्या एका हाकेला ५.८ मिलिसेकंद मिळतात. शेवटी 'क्लीनअप'. गेनची गुंडी डेसिबलमध्ये आहे, उणे ९० पासून २४ पर्यंत. तिला २० ने भागून १० चा घात काढला की गुणक मिळतो. उणे ९० ला पोचली की सरळ शून्य.

कोडाशेजारी टर्टल लिपीतल्या दोन मजकूर-फाइली असतात. प्लगइनचं नाव काय, पोर्ट किती, कुठला कशासाठी, हे होस्ट त्यातून वाचतो आणि त्यासाठी कोड चालवावा लागत नाही. इथे भाचीने मुद्दाम एक मोडतोड केली. सीमधले गेन आणि आत येणारा आवाज यांचे क्रमांक तिने आपसात बदलले, टर्टल फाइल मात्र तशीच ठेवली. आर्डरने प्लगइन विनातक्रार उघडलं आणि कानठळ्या बसवणारा खरखराट सुरू झाला. दुसऱ्या वेळी तर सगळं आर्डरच बंद पडलं.

कारण शोधायला तिला एक अख्खी दुपार लागली. होस्टच्या हिशेबात शून्य क्रमांक म्हणजे गुंडी, म्हणून त्याने एकाच आकड्याचा पत्ता दिला. प्लगइनच्या हिशेबात शून्य म्हणजे आवाज, म्हणून त्याने तिथून २५६ आकडे वाचले. पहिला आकडा गुंडीचा, बाकीचे कुणाचे ते देव जाणे. दोन फाइलींमधला करार तपासणारं मध्ये कुणी नसतं. हे वाक्य मी तिला दहादा ऐकवलं असतं तरी ते त्या खरखराटाइतकं लक्षात राहिलं नसतं. परक्याचा कोड अंगी लागावा असं वाटत असेल तर तो मोडून पाहावा. आणि काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहून मगच मोडावा.

ग्वाल्हेरात गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकवतात. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँचं गाणं पडद्याआड बसून ऐकलं आणि त्यांची तान उचलली, अशी ती दंतकथा. बुवा ती सांगतात तेव्हा पडद्यावर रेंगाळत नाहीत. ते सांगतात की ते दोघे रोज ऐकायला बसायचे आणि घरी जाऊन तेच घोटायचे. ॲम्पच्या दुसऱ्या रविवारी भाचीला ती आठवली. ती म्हणाली, "मामा, इथे पडदाच नाहीये." खरंय. परवाना स्वतःच सांगतो की बघ, घे, बदल, पुढे दे. ज्या विद्येसाठी माणसं वर्षानुवर्षं गुरूच्या घरी पाणी भरायची, ती इथे उघड्यावर मांडलेली आहे. मला याचं मनापासून अप्रूप वाटतं आणि या मुलांनाही वाटावं असं वाटतं. रोज घोटणं मात्र तेवढंच बाकी राहतं.

तार कुठे सापडली

तारेचा आवाज कसा करायचा, हे शोधताना कार्पलस आणि स्ट्राँग ही दोन नावं पुन्हा पुन्हा येत होती. १९८३ साली केव्हिन कार्पलस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी मांडलेली युक्ती अशी. आकड्यांची एक रांग घ्यायची, ती यादृच्छिक आकड्यांनी भरायची, म्हणजे झाली तार छेडून. मग एकेक आकडा बाहेर काढायचा आणि शेजारच्या दोहोंची सरासरी पुन्हा रांगेच्या शेपटीला टाकायची. रांग गोल फिरत राहते, सरासरीमुळे तीक्ष्णपणा झिजत जातो, आणि कानाला तार छेडून विरत गेल्यासारखं ऐकू येतं. रांग जितकी लांब तितका स्वर खाली.

पण युक्ती कळणं वेगळं आणि प्लगइनमध्ये ती बसवणं वेगळं. तो नमुना आम्हाला तारेच्या कोडात मिळालाच नाही, सापडला तो घुमाऱ्याच्या कोडात. फ्रीव्हर्ब हा जेझर या नावाने लिहिणाऱ्या माणसाने २००० साली सार्वजनिक मालकीत सोडलेला रिव्हर्ब, म्हणजे खोलीतला घुमारा निर्माण करणारा कोड. मुक्त ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये तो इतक्या ठिकाणी रुजलाय की डेबियनच्या कोड-शोधात त्याचे तुकडे सारखे भेटतात. त्यात आठ कोम्ब फिल्टर आणि चार ऑलपास फिल्टर आहेत. एका कोम्बचं सगळं काम दहाएक ओळींत आटपतं. रांगेतून आकडा काढ, त्याला थोडं बोथट कर, पटीने कमी कर, आत आलेल्या आवाजात मिळवून परत रांगेत ठेव, बोट एक घर पुढे सरकव, शेवट आला तर बोट शून्यावर.

भाची त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर तारच आहे." होती. घुमारा आणि तार एकाच हाडामांसाची आहेत, आणि हे कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नव्हतं, दहा ओळी वाचताना समोर आलं. माझ्या मते या सगळ्या महिन्यांतला सर्वांत मोलाचा क्षण तो.

त्या दहा ओळींत एक चमत्कारिक ओळ दोनदा येते. ती आकडा फारच बारीक झाला तर त्याला सरळ शून्य करते. का? भाचीने ती ओळ काढली आणि आर्डरमध्ये चालवून पाहिलं, काहीच फरक पडला नाही. पुष्कळ जण इथे थांबतात आणि ओळ निरुपयोगी ठरवतात. तिने कोम्बला आर्डरबाहेर काढलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला एकच टिचकी दिली आणि वेळ मोजली. आवाज विरून गेल्यावर तोच प्रोग्रॅम कित्येक पट मंद झाला. शून्याच्या अगदी जवळचे, डिनॉर्मल म्हणतात ते आकडे प्रोसेसरला जड जातात, आणि विरत जाणारी तार नेमकी त्यांच्याकडेच जाते. आर्डर प्रोसेसरला आधीच सांगून ठेवतं की असले आकडे शून्य धर, म्हणून तिथे फरक दिसला नाही. दुसरा होस्ट सांगेलच असं नाही. ती ओळ तिने आपल्या कोडात ठेवली, आणि का ठेवली ते वर मराठीत लिहून ठेवलं.

पहिला तानपुरा आणि कटकट

ऑक्टोबरच्या शेवटी पहिला तानपुरा वाजला. सा मात्र काळी पाचला नव्हता. तो पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्या मधोमध कुठेतरी होता. याचं कारण लवकर लागलं. फ्रीव्हर्बमधल्या रांगांच्या लांब्या १११६, ११८८ अशा ठरीव आकड्यांत आहेत आणि त्या ४४,१०० च्या दराला बेतलेल्या आहेत. भाचीने त्यांच्यासारखंच ४४,१०० कोडात कोरून टाकलं होतं. त्या दिवशी आर्डर ४८,००० वर चालू होतं. दर होस्टच सांगतो, 'इन्स्टॅन्शिएट' मध्ये हातात देतो. पण ॲम्पला त्याची गरज नाही, म्हणून ॲम्प तो आकडा घेतो आणि वापरत नाही. आम्हीही तसाच सोडून दिला होता. एकाच नमुन्यावरून शिकलं की त्याला जे लागत नाही ते आपल्यालाही लागत नाही असं वाटू लागतं. म्हणून दुसरा नमुना हवाच.

दुसरा दोष जास्त त्रासदायक होता. मधूनमधून कट् असा आवाज यायचा, विशेषतः ब्राउझर उघडा असला की. आर्डरचा एक्सरनचा, म्हणजे तुकडा वेळेत पुरा न झाल्याचा, आकडा वाढत जायचा. प्रत्येक छेडीला ती 'रन' च्या आत नवी रांग मागून घेत होती, म्हणजे मेमरी तिथल्या तिथे मागत होती. ती मागणी बहुतेक वेळा लगेच पुरी होते. कधीतरी होत नाही, तिथे कुलूप असू शकतं, ऑपरेटिंग सिस्टीमकडे जावं लागू शकतं. हातात ५.८ मिलिसेकंद असताना 'बहुतेक वेळा' पुरत नाही. फ्रीव्हर्ब सगळ्या रांगा आधीच पूर्ण लांबीच्या धरून ठेवतो. एलव्ही-टूच्या उदाहरणांतला सॅम्पलर तर फाइल उघडण्याचं काम बाजूला समांतर चालणाऱ्या वेगळ्या कामगार-धाग्याकडे (थ्रेडकडे) सोपवतो, 'रन' ला त्यात हातच घालू देत नाही. ही दोन्ही उदाहरणं आम्ही आधी वाचली होती. तो बेत तसा का केलाय, हे मात्र आपल्या तानपुऱ्यात कटकट ऐकू आल्यावरच विचारलं.

आणि मग टर्टल फाइलमध्ये एक ओळ सापडली. प्लगइन कठोर रिअल-टाइममध्ये, म्हणजे दर वेळी दिलेल्या मुदतीत काम संपवत, चालू शकतं, असं जाहीर करणारी. भाचीने ती ॲम्पमधून उतरवली होती. ॲम्पसाठी ती खरी होती, तिच्या तानपुऱ्यासाठी खोटी. होस्टला तिने नकळत वचन दिलं होतं आणि ते मोडलं होतं. तिने ती ओळ त्याच रात्री काढली. रांगा सुरुवातीला मागून घेण्याचा बदल पुढच्या आठवड्यात झाला आणि मगच ओळ परत आली. माझ्या लेखी हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

बुवांनी ऐकलं

नोव्हेंबरात लॅपटॉप आणि दोन बरे स्पीकर घेऊन आम्ही बुवांकडे गेलो. त्याआधी एक दुरुस्ती भाचीने आपणहून केली होती. उदाहरणांतलं फिफ्थ्स नावाचं प्लगइन आलेल्या स्वराला सात अर्धस्वर चढवून पंचम जोडतं. ते गुणोत्तर होतं १.४९८३. तानपुऱ्याचा पंचम दीडपट असतो, नेमका १.५. फरक जेमतेम दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तो तिने कोडात पाहून धरला तो गाण्यामुळे. कोड वाचताना आपलं दुसरं ज्ञान दाराबाहेर ठेवून येऊ नये.

बुवांनी डोळे मिटून दोन-तीन आवर्तनं ऐकली. मग हात वर केला.

"पंचम छान आहे. जोड खर्जाला मिळत नाहीये, बेटा. उतरलीय."

"बुवा, दोन्हीकडे एकच सा दिलाय, जोडीचा बरोबर दुप्पट."

"तू दिला असशील. येत नाहीये. लहर ऐक."

आम्ही ऐकलं. जोड आणि खर्ज एकत्र घुमताना आवाज अगदी सावकाश फुगत होता आणि बसत होता. सेकंदकाट्यावर मोजलं, सव्वातीन सेकंदांना एक लहर.

घरी येऊन आकडे मांडले. काळी पाचचा सा २३३.०८ हर्ट्झ. ४४,१०० ला त्याने भागलं की १८९.२०५ येतात. रांगेत पाव घर नसतं, कोडाने दशांश कापून १८९ धरले. खर्जाचा सा ११६.५४, त्याची रांग ३७८.४११, कापून ३७८. इथवरची चूक आम्हाला समजत होती, पण ती या लहरीला पुरत नव्हती. तसं पाहिलं तर ३७८ हे १८९ च्या बरोबर दुप्पट आहेत. मग लहर कुठून?

उत्तर आधी वाचलेल्या कोडात पडलेलं होतं. पेरी कुक आणि गॅरी स्कॅव्होन यांच्या एसटीके या संश्लेषण-संचात छेडलेल्या तारेचा एक वर्ग आहे. त्यात रांगेची लांबी काढणारी ओळ नमुनादराला वारंवारतेने भागते आणि आलेल्या उत्तरातून फिल्टरचा विलंब वजा करते. ती वजाबाकी आम्ही दोघांनी सप्टेंबरात वाचली होती आणि पुढे गेलो होतो. शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढली की आवाज अर्धं घर मागे पडतो. म्हणजे खरी लांबी १८९ नसून १८९.५, आणि खर्जाची ३७८.५. आता दुप्पट जुळत नाही. जोड वाजते २३२.७२ वर. खर्जाचा दुसरा स्वरांश, म्हणजे त्याच तारेत दुप्पट वारंवारतेने उमटणारा आवाज, २३३.०३ वर. फरक ०.३१ हर्ट्झ, म्हणजे सव्वातीन सेकंदांना एक लहर. बुवांच्या कानाने सांगितलेलं कागदावर तसंच्या तसं उतरलं तेव्हा भाची उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आली.

हीच चूक सेंटमध्ये मोजली तर तीनच्याही आत आहे. बाजारातल्या ट्यूनरवर सुई मध्येच दिसते. म्हणून केवळ यंत्राने तपासलं असतं तर प्लगइन बरोबर ठरलं असतं.

उपायही एसटीकेतच होता, आणि तो मुळात १९८३ चाच आहे. डेव्हिड जॅफे आणि ज्युलियस स्मिथ यांनी कार्पलस-स्ट्राँगच्या जोडीने त्याच वर्षी मांडलेला. लांबीतून अर्धं घर वजा करायचं, उरतात १८८.७०५. त्यातली १८८ रांगेला द्यायची आणि ०.७०५ एका ऑलपास फिल्टरला. हा फिल्टर कुठलाही स्वरांश लहान-मोठा करत नाही, फक्त थोडा उशीर करतो. त्याचा गुणक निघाला ०.१७. कोडात चार ओळी वाढल्या. पुढच्या खेपेला बुवांनी ऐकलं, काही बोलले नाहीत आणि गायला लागले.

परवान्याची एक गोष्ट

ॲम्पचा परवाना आयएससी, अगदी सैल. फ्रीव्हर्ब सार्वजनिक मालकीचा. एसटीकेचाही परवाना मोकळा आहे, आणि बदल केलात तर मूळ लेखकांना कळवा अशी एक विनंती त्यात आहे, तीही बंधनकारक नाही असं तिथेच लिहिलंय. तारेच्या वर्गावर स्टॅनफर्डच्या पेटंटांची सूचना आहे. ती पेटंटं जुनी, त्यांची मुदत केव्हाच संपली, पण अशी सूचना दिसली की तारीख तपासायची सवय लागली.

अडचण आली ती सर्जमुळे. गुंडी फिरवताना आवाज उडी मारू नये म्हणून स्वर सावकाश सरकवणारं एक लहान फंक्शन भाचीने पहिल्या तीन आठवड्यांत तिथून उतरवलं होतं. ते तसंच तिच्या कोडात राहिलं होतं. ते ठेवायचं तर सगळं प्लगइन जीपीएल ३ खाली द्यावं लागतं. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः तेच केलं असतं. तिला मात्र आयएससी हवा होता, पुढे तिच्यासारख्याच कुणाला बिनघोर उतरवता यावं म्हणून. मग तिने ते फंक्शन पुसलं, आठवडाभर सर्जकडे पाहिलं नाही, आणि सिग्नल्सच्या तासाला शिकलेल्या सूत्रावरून स्वतःचं लिहिलं. ते मूळच्याहून साधं आहे आणि तानपुऱ्याला पुरतं. तेव्हापासून काहीही उतरवलं की ते कुठून आलं, कुठल्या तारखेला आणि कुठल्या परवान्याखाली, याची ओळ त्याच वेळी तिच्या वहीत पडते.

जवारी

ही अजून झालेली नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं होतं की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या स्वरांशाचा पात (न हलणारा बिंदू) असतो, तो स्वरांश नियमाने उमटू नये, पण तानपुऱ्यात तो दणक्यात उमटतो. हे घडतं ते घोडीच्या बाकामुळे आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे. तार दर कंपनात घोडीला चाटून जाते. आमची रांग चाटत नाही, नुसती फिरते.

एसटीकेत सतारीचाही वर्ग आहे. तो दर छेडीला रांगेची लांबी पाच टक्क्यांपर्यंत हलवतो आणि सावकाश जागेवर आणतो. भाचीने ते तानपुऱ्याला लावून बघितलं. बुवा म्हणाले, "ही मींड झाली. जवारी नाही." त्यांनी मग जुना तानपुरा भिंतीवरून उतरवला, घोडीवरचा दोरा केसाएवढा पुढे घेतला, छेडला, मागे घेतला, पुन्हा छेडला. कारागीर डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास येणार होता, त्याची वाट न बघता. भाचीने त्या आठ जागा मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि प्रत्येकीपुढे दोरा कुठे होता ते मिलिमीटरमध्ये लिहिलं.

सध्या ती डेबियनच्या कोड-शोधात पुन्हा बसते. यावेळी ती तारेला अडवणारा अडसर कुणी कसा लिहिलाय ते शोधते आहे, आणि त्यासाठी तिने गिटारच्या फ्रेटला घासणाऱ्या तारेचा कोड उतरवून घेतलाय. रविवारी तो बांधून बघायचा आहे.